ताऱ्यांचे मरण आणि एका तरुणाचे गणित



आयुष्यभर मी मराठी भाषा शिकविली. त्या भाषेने ध्रुवाला ‘अढळ’ म्हटले आणि ताऱ्यांना शाश्वताची खूण मानले. विसाव्या शतकातील विज्ञानाने मात्र ताऱ्यालाही जन्म, वार्धक्य आणि मृत्यू असल्याचे दाखवून दिले. या इतिहासातील एकच प्रकरण मी आज आपणांपुढे मांडणार आहे. कारण त्यात विद्याव्यवहाराच्या नीतीचाही प्रश्न गुंतलेला आहे.

वायू आणि धूळ यांचे थंड मेघ स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आकसतात, गाभा तापतो आणि तारा जन्मास येतो. गाभ्यात हायड्रोजनचे हेलियम होताना ऊर्जा निर्माण होते. तिचा बाहेरचा रेटा आणि गुरुत्वाकर्षणाची आतली ओढ यांचा तोल टिकतो, तोवर तारा जगतो. आपल्या सूर्याने हा तोल सुमारे ४६० कोटी वर्षे सांभाळला आहे. आणखी सुमारे ५०० कोटी वर्षे तो सांभाळील. मग तो फुगून तांबडा राक्षसी तारा होईल, बाह्य आवरणे टाकील आणि पृथ्वीएवढा श्वेत बटू मागे उरेल. व्याधाचा अंधुक जोडीदार हा असाच एक श्वेत बटू होय.

सर्वच ताऱ्यांची अखेर अशी शांतपणे होते, अशी १९३० च्या सुमारास विद्वानांची समजूत होती. त्याच वर्षी एकोणीस वर्षांचे सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाले. प्रवासात त्यांनी श्वेत बटूच्या गणितात सापेक्षतेचा सिद्धांत आणला, आणि विलक्षण निष्कर्ष निघाला: श्वेत बटूच्या वस्तुमानाला मर्यादा आहे. आज ती सूर्याच्या सुमारे १.४ पट मानतात. गाभा त्याहून जड असेल, तर इलेक्ट्रॉनांचा दाब त्याला सावरू शकत नाही. तो कोसळतच जातो.

११ जानेवारी १९३५ रोजी लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत चंद्रशेखरांनी हे मांडले. लगेच त्या काळचे श्रेष्ठ खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन उठले आणि असे विपरीत घडू न देणारा निसर्गनियम असलाच पाहिजे, असे सांगून त्यांनी ते मत उडवून लावले. सभेत हशा पिकला. बोर आणि पाउली यांच्यासारख्या पदार्थवैज्ञानिकांना तरुणाचे म्हणणे खाजगीत पटले होते. जाहीरपणे मात्र ते बोलले नाहीत. मला एडिंग्टन यांच्या विरोधापेक्षा हे मौन अधिक सलते.

चंद्रशेखरांनी १९३९ मध्ये आपले विवेचन ग्रंथरूपाने पूर्ण केले आणि ते दुसऱ्या विषयाकडे वळले. उत्तर आकाशानेच दिले. १९६७ मध्ये जोसलिन बेल या विद्यार्थिनीला नियमित स्पंदने देणारा रेडिओस्रोत सापडला; तो न्यूट्रॉन तारा ठरला. चिनी निरीक्षकांनी १०५४ मध्ये नोंदविलेल्या स्फोटाच्या अवशेषांतही पुढे तसाच तारा आढळला. त्याहून जड गाभ्याचे कृष्णविवर होते, हेही मान्य झाले. १९८३ मध्ये चंद्रशेखरांना नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याआधी एकच वर्ष, १९८२ मध्ये, एडिंग्टन यांच्या जन्मशताब्दीनिमित्त केंब्रिजमध्ये स्मृतिव्याख्याने झाली. वक्ते होते चंद्रशेखर! आपल्या काळातील सर्वश्रेष्ठ खगोलभौतिकशास्त्रज्ञ म्हणून त्यांनी एडिंग्टन यांचा गौरव केला आणि जुन्या वादातील त्यांची चूकही स्पष्टपणे सांगितली. स्मृतिव्याख्यानाचा याहून उत्तम आदर्श मला ठाऊक नाही.