गोळी पेंडीच्या गोणीत नेमकं काय असतं?

आपल्या अष्टमी-रोह्याकडे गाईचा चारा म्हणजे भाताचा पेंढा, कोंडा, थोडी सरकी पेंड. गाईला कोणी मांस घालेल, हे इथे ऐकायलाही विचित्र वाटतं. ब्रिटनमध्ये मात्र कित्येक दशकं ते चालू होतं. कत्तलखान्यात उरलेलं मांस आणि हाडं उष्णतेने शिजवून, वाळवून पूड करायची आणि स्वस्तातलं प्रथिन म्हणून गाईंच्या खाद्यात मिसळायची.

1986 मध्ये तिथे गाईंचा नवा आजार ओळखला गेला. जनावर बिथरतं, पाय लटपटतात, मेंदूला स्पंजासारखी भोकं पडतात. लोक त्याला ‘मॅड काऊ’ म्हणू लागले. याला कारण जीवाणू नाही, विषाणूही नाही. चुकीची घडी पडलेलं एक प्रथिन, म्हणजे प्रायॉन. नेहमीच्या शिजवण्याने ते निकामी होत नाही. जुलै 1988 मध्ये गाई-मेंढ्यांना ही पूड घालायला बंदी आली.

तरी बंदीनंतर जन्मलेल्या 40,000 हून अधिक गाई आजारी पडल्या! डुकरं-कोंबड्यांच्या खाद्यात पूड चालतच होती आणि दोन्ही खाद्यं बऱ्याचदा एकाच कारखान्यात, त्याच यंत्रांवर बनत. यंत्रात चिकटलेली पूड पुढच्या गोणीत जाई. आजारी मेंदूचा एक ग्रॅमसुद्धा लागण व्हायला पुष्कळ होतो. तयार खाद्यातली एवढी भेसळ पकडणारी भरवशाची चाचणी बंदी आली तेव्हा नव्हतीच. माझ्या मते खरी चूक इथे होती. मार्च 1996 मध्ये सरकारने माणसांतल्या एका नव्या मेंदूविकाराशी याचा संबंध असावा, असं संसदेत सांगितलं. त्या विकाराने ब्रिटनमध्ये 178 माणसं गेली, त्यांतली बरीच तरुण होती.

पुढे युरोपात रुळलेली चाचणी अगदी साधी आहे. खाद्य एका जड द्रवात ढवळतात. पेंड-कोंडा वर तरंगतो, हाडांचे कण तळाशी बसतात. ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. मासळीचं हाड वेगळं ओळखू येतं, पण कोंबडीचं की गाईचं हे नीट सांगता येत नाही. त्यासाठी 2013 पासून डीएनए शोधणारी पीसीआर चाचणी जोडली गेली. तिचीही एक अडचण आहे: खाद्यात दुधाची पावडर असली, तरी ती ‘गाय सापडली’ म्हणते. आणि या चाचण्या प्रायॉन शोधत नाहीत, फक्त नको ते मिसळलंय का एवढंच बघतात.

भारतात मॅड काऊची नोंद नाही. 2010 पासून जागतिक पशुआरोग्य संघटना आपल्याला नगण्य धोक्याचा देश मानते. दुधातून हा आजार माणसाला झाल्याचंही कुठे दिसलेलं नाही, त्यामुळे दूध निर्धास्त प्या. 2020 च्या सुमारास अन्न सुरक्षा प्राधिकरणाने दुभत्या जनावरांच्या खाद्यात मांस-हाडांची पूड नको, असा आदेश काढला. कोंबड्या, डुकरं आणि मासे यांना त्यातून सूट आहे. म्हणजे ब्रिटनमधली ती फट आपल्याकडेही राहते. तेव्हा गोणीवरची घटकांची यादी वाचा आणि कोंबड्यांचं उरलेलं खाद्य गाईपुढे टाकू नका.