व्याह्यांचा गड

पुण्याहून जुन्नरला निघाले की चाकणचा किल्ला प्रथम लागतो. पुढे आंबेगाव तालुक्यात मंचर सोडून घोड नदी ओलांडावी, नारायणगावाला डावीकडे वळावे, म्हणजे थोड्याच वेळात शिवनेरी समोर उभा राहतो. ह्या वाटेने जाताना मला दर वेळी आठवण होते ती मालोजीराजे भोसल्यांची. निजामशहाने त्यांना पुणे व सुपे हे परगणे आणि शिवनेरी व चाकण हे किल्ले दिले, असे बखरी सांगतात.

मालोजी हे बाबाजी भोसल्यांचे पुत्र. घराण्याकडे वेरूळची पाटीलकी. पण मालोजी व विठोजी ह्या भावांनी तलवार हाती घेतली आणि निजामशाहीत नाव काढले. तरी केवळ शिपाईगिरीवर हे घर उभे राहिले नाही. मालोजींनी वेरूळच्या घृष्णेश्वराचे देऊळ दुरुस्त केले. शिखर शिंगणापुरी यात्रेकरूंना पाणी मिळेना, म्हणून तळे बांधले. फलटणच्या निंबाळकरांची उमाबाई त्यांची पत्नी, तर सिंदखेडच्या लखुजी जाधवांची जिजाबाई पुढे त्यांची सून झाली. इंदापूरच्या लढाईत ते पडले तेव्हा शहाजी व शरीफजी लहान होते. विठोजींनी त्या पोरांना वाढवले.

आता शिवनेरीचे पाहा. बखरींप्रमाणे गड भोसल्यांना मिळालेला. परंतु परमानंदाच्या 'शिवभारता'त तेथे भेटतो तो विश्वासराव घराण्यातला विजयराज. त्याची कन्या जयंती शहाजीराजांचा थोरला मुलगा संभाजी ह्याला दिली आणि गरोदर जिजाबाई त्या व्याह्यांच्या गडावर राहिल्या. मला हा दुसरा वृत्तान्त अधिक खरा वाटतो. दरबारातून मिळालेला किल्ला दरबार परत घेतो. सोयरीक मात्र वाईट दिवसांतच उपयोगी पडते. आणि दिवस वाईटच होते. जुलै १६२९ मध्ये लखुजी जाधवांचा देवगिरीवर दरबारातच खून झाला. बाळंतपणाला लेकीने माहेरी जावे ही आपली रीत. पण जिजाबाईंना माहेरचा आधार कोठला? १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवाजीराजे जन्मले ते ह्या व्याह्यांच्या गडावर.

पुढची गोष्ट मनाला चटका लावते. १६५७ मध्ये महाराजांनी रात्री जुन्नरच्या तटाला शिड्या लावून शहर लुटले. दोनशे घोडे आणि तीन लक्ष होन नेले. डोक्यावरचा शिवनेरी मात्र मोगलांकडेच राहिला. ज्याने एवढे गड घेतले व बांधले, त्याला आपला जन्मगड हयातीत मिळाला नाही.

शिवाईच्या देवळापाशी टेकलो म्हणजे माझ्या मनात येते, की मालोजींनी मिळवलेली खरी दौलत सनदेत नव्हतीच. ती माणसांत होती. म्हणून अडचणीच्या वेळी त्यांच्या सुनेला एक दार उघडे सापडले.