महाडची नगरपालिका आणि आपलं पाणी

दरवर्षी २० मार्चला आपण महाडला जातो. एसटीनं जातो, टेम्पोनं जातो, कुणी रात्रभर उभ्यानं प्रवास करून पहाटे उतरतो. क्रांतिस्तंभाला वंदन करतो, तळ्याच्या पायऱ्या उतरून ओंजळभर पाणी तोंडाला लावतो, पुस्तकांच्या पथारीवरून दोन पुस्तकं उचलतो, गाणी ऐकतो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. घसा बसलेला असतो. छाती फुगलेली असते. त्यात चूक काही नाही. पण गाडीत बसल्यावर एखाद्या पोरानं विचारलं की, दादा, ते तळं होतं कुणाच्या मालकीचं? तर निम्मे कार्यकर्ते गप्प बसतात. काही जण म्हणतात, बामणांचं. काही म्हणतात, सरकारचं.

मित्रांनो, ते तळं नगरपालिकेचं होतं. आणि आपण ते पाणी प्यायलो तेव्हा नगरपालिकेचा ठराव आपल्या बाजूनं होता. तीन वर्षांपासून होता. हे नीट समजून घेतलं नाही तर महाड म्हणजे नुसती एक जत्रा होऊन बसेल. म्हणून हा लेख.

१

महाड हे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातलं, म्हणजे आजच्या रायगडातलं, सावित्री नदीकाठचं बाजारपेठेचं गाव. तालुक्याची कचेरी तिथं. खाडीमार्गे मुंबईचा माल दासगावपर्यंत यायचा. आजूबाजूच्या खेड्यांतला महार महाडला दोन कारणांनी यायचा. एक बाजार. दुसरं वतनाची चाकरी: गावचा कागद कचेरीत पोचवायचा, वसुलाचे पैसे भरायचे. सरकारचं काम, सरकारच्या गावात, सरकारच्या पायी. आणि तहान लागली तर?

बाबासाहेबांनीच ते लिहून ठेवलं आहे. बाहेरून आलेल्या माणसाला पाणी मिळेल असं सार्वजनिक ठिकाण एकच, चवदार तळं. तिथं अस्पृश्याला बंदी. त्याच्यासाठी उरायची ती महाडच्या अस्पृश्य वस्तीतली विहीर. ती बाजारापासून लांब, आणि नगरपालिकेनं लक्ष न दिल्यामुळे गाळानं भरलेली. हे वाक्य पुन्हा वाचा. तळ्यावर बंदी घातली ती रूढीनं. पण विहिरीचा गाळ काढला नाही तो नगरपालिकेनं. रूढी शिवी देते, नगरपालिका नुसती दुर्लक्ष करते. तहानेल्या माणसाला दोन्ही सारखंच.

तळं केवढं? पुढं खटल्यात त्याचं वर्णन नोंदलं गेलं. चार-पाच एकरांचं. पावसाचं पाणी आणि पोटात जिवंत झरे. किमान अडीचशे वर्षांचं जुनं, पण कुणी खणलं, केव्हा खणलं, याचा पुरावा नाही. भोवती नगरपालिकेचे रस्ते, रस्त्यापलीकडे सवर्णांची घरं, थोडी मुसलमानांची. गावची वस्ती सात-आठ हजार, त्यात अस्पृश्य चारशेच्याही आत. मुसलमान तिथं पाणी भरत होते. गुरंढोरं पाणी पीत होती. बाटत होतं ते फक्त आपल्या हातानं.

२

आता कागदाची गोष्ट ऐका.

४ ऑगस्ट १९२३. मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादुर सी. के. बोले यांनी ठराव आणला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, सरकारी शाळा, न्यायालयं, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत. ठराव पास झाला. सरकारनं खात्यांना हुकूम सोडले. पुढच्याच वर्षी, १९२४ च्या जानेवारीत, महाड नगरपालिकेनं आपलाही ठराव केला की चवदार तळं अस्पृश्यांना खुलं आहे.

झालं. वहीत लिहिलं. सह्या झाल्या. तळं खुलं झालं, पण वहीत.

तीन वर्षं एकही अस्पृश्य त्या पाण्याला शिवला नाही. का? कारण ठराव करणारे घरी जेवायला गेले आणि तळ्याभोवती घरं होती ती ठराव न मानणाऱ्यांची. नगरपालिकेनं ना दवंडी पिटली, ना तळ्यावर आपला माणूस उभा केला. तेव्हा मत सगळ्यांना नव्हतं. मिळकत किती, कर किती, यावर मतदार ठरायचा. म्हणजे नगरपालिका कुणाची, हे मतदानाच्या आधीच ठरलेलं असायचं. बोल्यांनाही हे दिसत होतं. १९२६ साली त्यांनी दुसरा ठराव आणला: ज्या नगरपालिका आणि बोर्डं हा हुकूम पाळत नाहीत, त्यांचं अनुदान सरकारनं बंद करावं. म्हणजे तीन वर्षांत हुकूम कितपत पाळला गेला, हे त्या दुसऱ्या ठरावावरूनच कळतं.

यातही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस हे सवर्ण होते आणि ते आपल्या बाजूनं उभे राहिले. अनंत विनायक चित्रे, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हेही सोबत होते. पण अध्यक्ष चांगला असून भागत नाही. खुर्चीतला एक माणूस बदलला म्हणून खुर्चीखालचं गाव बदलत नाही.

आणि त्या मुलखात आपली माणसंही काही झोपलेली नव्हती. महाडजवळच्या रावढुळचे गोपाळबाबा वलंगकर, पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले. त्यांनी १८८८ साली अस्पृश्यतेविरुद्ध पुस्तिका लिहिली. १८९५ साली सरकारनं त्यांना महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमलं तर बोर्डावरच्या सवर्ण सभासदांना त्यांचं शेजारी बसणं खपेना. तळ्याच्या बत्तीस वर्षं आधी ही लढाई बोर्डाच्या खुर्चीसाठी झालेली आहे. पुढं दासगावच्या रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या तरुणांनी खेडोपाडी फिरून परिषद उभी केली आणि बाबासाहेबांना महाडला आणलं. मोरे तेव्हा पंचविशीच्या आतले होते. आज ज्यांना आपण पोरं म्हणतो, त्या वयाचे.

३

१९ आणि २० मार्च १९२७. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद. हजारो माणसं जमली. परिषदेला पाणी लागतं, आणि ते चाळीस रुपये मोजून सवर्णांकडून विकत घ्यावं लागलं. तळं हाकेच्या अंतरावर, ठराव वहीत, आणि पाणी विकत!

दुसऱ्या दिवशी समारोपाच्या वेळी चित्र्यांनी सूचना मांडली की, तळं नगरपालिकेनं खुलं केलेलंच आहे, तर आपण सगळे मिळून जाऊ या आणि त्या ठरावाची अंमलबजावणी करू या. शब्द लक्षात घ्या. कायदा मोडायला नव्हे, तर नगरपालिकेला जे जमलं नाही ते तिच्या वतीनं करायला आपण निघालो. चौघाचौघांच्या रांगा लागल्या. बाजारातून, गावातून, शिस्तीत. बाबासाहेब पायऱ्या उतरले. पाणी घेतलं. मागून सगळ्यांनी घेतलं.

तासा-दोन तासांत गावात अफवा सोडली की आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार. मग काठ्या निघाल्या. मंडपात जेवणारी माणसं, परतीच्या वाटेवरची माणसं, बाया, पोरं, सगळ्यांना झोडपलं. अनेकांना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. आपल्यात पलटणीतले पेन्शनर होते. बाबासाहेबांनी नुसता इशारा केला असता तर त्या दिवशी महाडमध्ये वेगळंच झालं असतं. त्यांनी हात आवरायला लावला. पुढं खटला चालून काही हल्लेखोरांना चार महिन्यांची सजा झाली.

आणि तळं? तळ्याला शुद्ध केलं. दही, दूध, शेण, गोमूत्र घालून १०८ घागरी ओतल्या आणि मंत्र म्हटले. माणसाच्या ओंजळीनं बाटलेलं पाणी शेणानं शुद्ध झालं! आता सांगा, नगरपालिकेच्या तळ्यात शेण कालवायला परवानगी कुणाची?

मग नगरपालिकेनं शेवटचं काम केलं. ४ ऑगस्ट १९२७ ला तिनं आपला १९२४ चा ठराव रद्द केला. बोल्यांच्या ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षं झाली होती. जोवर कुणी पाणी पीत नव्हतं तोवर ठराव चालला. प्यायलो तसा तो जड झाला. हे सूत्र पाठ करून ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

४

डिसेंबरात सत्याग्रह ठरला. सभेला जागा कोण देणार? फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. १२ डिसेंबरला सवर्णांनी महाडच्या कोर्टात दावा लावला की तळं आमचं, खाजगी. १४ ला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. २५ तारखेला परिषद भरली, त्या रात्री मनुस्मृती जाळली, हे आपल्याला माहीत आहे. पण तळ्याचं काय झालं, ते कमी सांगितलं जातं.

जमलेली माणसं तुरुंगात जायला तयार होती. कलेक्टर सभेत येऊन समजावून गेला. बाबासाहेबांनी विचार केला की लढाई सवर्णांशी आहे, कोर्टाशी नाही, तर कोर्टात जिंकायचं. सत्याग्रह तहकूब झाला. मिरवणूक तळ्याला फेरी घालून, पाण्याला हात न लावता परतली. किती जड गेलं असेल! तापलेल्या माणसांना मागं वळवणं हे पुढं ढकलण्यापेक्षा अवघड असतं. नेता तिथं ओळखायचा.

त्याच मुक्कामात, २७ तारखेला, बाबासाहेब चांभारवाड्यात बायांशी बोलले. लुगडं कसं नेसायचं, अंगावर जात सांगणाऱ्या खुणा का टाकायच्या, पोरींना का शिकवायचं. तळ्याचं पाणी कोर्टात अडकलेलं होतं, पण लुगडं नेसायला कोर्टाची परवानगी लागत नव्हती. ते लगेच बदललं.

मनाई हुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला. दावा मात्र चालत राहिला. खालच्या कोर्टाचा निकाल १९३१ ला, आपल्या बाजूनं. अपील ठाण्याला, १९३३ ला फेटाळलं. पुन्हा हायकोर्ट. १७ मार्च १९३७ ला न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी शेवटचा निकाल दिला. सत्याग्रहाला दहा वर्षं पुरी व्हायला तीन दिवस कमी.

निकाल काय होता? ऐका, कारण इथं गाफील राहू नये. मालकी आमची, हे म्हणणं सवर्णांनी हायकोर्टापर्यंत येता येता सोडलं होतं, कारण कायद्यानं तळं नगरपालिकेकडे होतं. उरला मुद्दा रूढीचा: आम्हीच वापरायचं, ही अनादि काळापासूनची वहिवाट. हायकोर्टानं म्हटलं, ती अनादि असल्याचं तुम्ही सिद्ध केलेलं नाही. भोवती घरं होण्याआधी काय होतं कुणास ठाऊक. अपील फेटाळलं.

म्हणजे अस्पृश्यता अन्यायाची आहे, असं म्हणून आपण जिंकलो नाही. वहिवाट पुरेशी जुनी ठरली नाही, म्हणून जिंकलो. ती सिद्ध झाली असती तर ती वाजवी की गैरवाजवी हा प्रश्न पुढं आला असता. कोर्टाला तिथवर जावंच लागलं नाही. कायद्याच्या पुस्तकात तेव्हा आपल्या माणूसपणाला पान नव्हतं. ते पान बाबासाहेबांना नंतर स्वतः लिहावं लागलं. १९५० च्या संविधानात कलम १७ नं अस्पृश्यता संपवली, हे सगळ्यांना पाठ असतं. पण कलम १५ वाचा. त्यात विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते, सरकारी पैशावर चालणाऱ्या जागा, असं नावानिशी लिहिलेलं आहे. संविधानात तळं कुठून आलं, हे महाडला जाऊन आलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

५

मग आता काय?

१९९२ च्या घटनादुरुस्त्यांनंतर ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत आपल्या राखीव जागा आहेत. आपले सदस्य आहेत, आपल्या बाया सरपंच आहेत, नगराध्यक्ष आहेत. वलंगकरांना जी खुर्ची मिळूनही मिळाली नव्हती, ती आज आपल्या माणसाखाली आहे. चांगलं आहे. पण वस्तीत नळ शेवटी का येतो? पाइपलाइन वस्तीच्या अलीकडे का थांबते? आपला सदस्य सभेत बसून सही करतो, पण काय वाचून करतो? ठराव झाला की आपण पेढे वाटतो. अंमलबजावणीच्या दिवशी तिथं कोण असतं?

महाडनं शिकवलं ते हे. ठराव म्हणजे पाणी नव्हे. ठराव रद्द होतो. चांगला अध्यक्ष पुरत नाही. कोर्ट दहा वर्षं घेतं आणि तेही भलत्याच कारणानं न्याय देतं. पण ठराव फालतू आहे, असंही नाही. तो होता म्हणूनच आपण हक्कानं पायऱ्या उतरलो आणि दहा वर्षं कोर्टात टिकलो. कागद हवा आणि पायही हवेत. नुसता कागद वाळवी खाते. नुसत्या पायांना काठी बसते.

म्हणून येत्या २० मार्चला महाडला जरूर या. पण त्याआधी एक काम करा. चौघं जण मिळून आपल्या पंचायतीत, नगरपालिकेत जा. ठरावांचं पुस्तक मागा. माहितीचा अधिकार २००५ पासून हातात आहे. नाही म्हणाले तर अर्ज लिहा. आपल्या वस्तीच्या नावानं गेल्या पाच वर्षांत काय काय ठरलं ते उतरवून घ्या, आणि मग ती यादी घेऊन वस्तीत फिरा. जे ठरलं आणि झालं नाही, तिथं बोट ठेवा. वहीत खुलं आणि प्रत्यक्षात बंद असलेलं एक तरी तळं तुम्हाला तुमच्याच गावात सापडेल.

सापडलं की चौघाचौघांच्या रांगेनं निघा.

जय भीम.