ट्रकमालक, स्वतंत्र

ट्रकमालक, स्वतंत्र : एक-दोन मालमोटारी स्वतःच्या नावावर बाळगून, बहुधा त्यांपैकी एक स्वतःच चालवून, दलालामार्फत किंवा ट्रान्स्पोर्ट कंपनीमार्फत मिळेल तो माल भाड्याने वाहणारा व्यावसायिक. महाराष्ट्रात कळंबोलीचा पोलादबाजार, न्हावा-शेवा बंदर, भिवंडीची गोदामे, लासलगावची कांदापेठ आणि चंद्रपूर परिसरातील सिमेंट कारखाने ही त्याच्या कामाची मुख्य ठिकाणे होत.

कायदा : 1988 च्या मोटार वाहन अधिनियमाखाली परवाना, विमा व योग्यता-प्रमाणपत्र (‘पासिंग’) आवश्यक. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत पासिंग दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. मुंबईची जकात 1 जुलै 2017 रोजी संपली.

भाडे व परतभाडे : या व्यवसायाचा नफा जाण्याच्या भाड्यावर ठरतो अशी सर्वसाधारण समजूत असली, तरी खतावणी उघडून पाहणाऱ्यास तो परतीच्या मालावर आणि बाकी हाती पडण्याच्या तारखेवर ठरलेला दिसतो. समजा, दहाचाकी गाडी भरून सातशे किलोमीटर गेली. लिटरला चार किलोमीटर व डिझेलचा भाव 90 रुपये धरल्यास एकेरी खर्चच 15,750 रुपये होतो. परतताना गाडी रिकामी असेल तर डिझेल काहीसे कमी लागते. परंतु टोल हा ॲक्सलच्या संख्येवर आकारला जात असल्यामुळे, आणि चालकाचा भत्ता व कर्जाचा हप्ता गाडीत माल आहे की नाही हे विचारीत नसल्यामुळे, त्या खर्चांत कसलीही सूट मिळत नाही. म्हणून परतीसाठी अर्ध्या भाड्याचा माल घ्यावा की पूर्ण भाड्यासाठी दोन दिवस थांबावे, हा या धंद्यातील खरा निर्णय होय. थांबलेल्या दिवसांचा खर्च मांडून पाहिल्यास अर्धे भाडे पुष्कळदा फायद्याचे ठरते.

माल भरताना भाड्यापैकी काही रक्कम उचल म्हणून मिळते व ती बहुतेक डिझेलमध्येच जाते. उरलेली रक्कम, दलाली वजा जाता, ‘पोच’ (माल मिळाल्याची पावती) परत आल्यावर चुकती होते, आणि त्यास कधी आठवडे, कधी महिने लागतात. माल उतरताना गोदामवाल्याने बिल्टीच्या (मालासोबतच्या वाहतूक-पावतीच्या) पाठीवर ‘दोन पोती भिजली’ एवढा शेरा मारला, तरी पोत्यांची किंमत या बाकीतून कापली जाते. आणि पोती भरतानाच ओली होती हे सिद्ध करणारा कागद मालकाजवळ नसतो. जाणता मालक म्हणूनच माल भरतेवेळी उभा राहून नग मोजतो, दोष आढळल्यास तो बिल्टीवर तेथल्या तेथे लिहून घेतो, आणि प्रत्येक थांब्यावर ताडपत्रीची दोरी तपासतो. माल उतरवण्याची ‘वाराई’ कोणी द्यावी हा वाद जुना आहे. ‘ज्याचा माल, त्याचा हमाल’ ही मालकांची मागणी न्याय्य आहे.

जादा भार : जुलै 2018 मध्ये केंद्र शासनाने ॲक्सलभाराची मर्यादा सुमारे 20 ते 25 टक्क्यांनी वाढवली. त्यामुळे भाड्याचे दर उतरले किंवा कसे, याविषयी मतभेद आहेत. 2019 च्या दुरुस्तीनुसार जादा भारासाठी 20,000 रुपये व प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये दंड आहे. एका खेपेच्या वाढीव भाड्यात तो क्वचितच निघतो, शिवाय टायर व कमानपाटे यांची झीज वेगळी.

हिशेब व प्राप्तिकर : डिझेल-टोल भागवून खिशात उरेल तो नफा, असे मानणारा मालक स्वतःच्या चालकीची मजुरी, टायरांची झीज आणि गाडीचा घसारा खर्चात धरीत नाही; परिणामी पाच वर्षांनी हप्ते बेबाक होतात, पण नवी गाडी घेण्याइतकी शिल्लक नसते. किलोमीटरमागे ठरावीक रक्कम टायर व दुरुस्तीसाठी वेगळी काढणे हाच यावरील उपाय. प्राप्तिकर कायद्यातील गृहीत उत्पन्नाची तरतूद दहापर्यंत गाड्यांच्या मालकास हिशेबवह्यांच्या सक्तीतून मुक्त करते, आणि ही सवलत मोलाची आहे. मात्र 12 टनांहून अधिक स्थूलभाराच्या गाडीचे उत्पन्न प्रतिटन दरमहा 1,000 रुपये गृहीत धरले जात असल्यामुळे 28 टनांच्या गाडीचे वार्षिक उत्पन्न 3,36,000 रुपये ठरते, मग ती वर्षातील चार महिने उभी का असेना; याहून कमी उत्पन्न दाखवावयाचे तर वह्या ठेवून लेखापरीक्षण करून घ्यावे लागते.

संघटना : ऑल इंडिया मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेस (स्थापना 1936).