दार आत की बाहेर?

कुपवाडमध्ये गावठाणातील जुनी घरे आहेत, औद्योगिक वसाहतीतले कारखाने आहेत आणि नव्या वस्त्यांमधील सदनिकाही आहेत. १९९८ साली सांगली व मिरज यांच्याबरोबर हे गाव महानगरपालिकेत आले. एकाच गावातल्या या तीन प्रकारच्या इमारतींची दारे पाहिली, तर दार कोणत्या बाजूला उघडावे या प्रश्नाचा इतिहासच समोर येतो.

सर्वांत जुने उत्तर आहे ‘आत’. किल्ल्याचे किंवा वाड्याचे दार आत उघडते, कारण धोका बाहेर असतो. दार ज्या खुंट्यांवर किंवा बिजागऱ्यांवर फिरते, त्या आतल्या बाजूला सुरक्षित राहतात. बाहेर पाऊल न टाकता दार लोटून बंद करता येते. भिंतीतल्या खोबणीत अडसर सरकवला की धडकेचे बल अडसरामार्फत दोन्ही भिंतींवर जाते. पुण्याचा शनिवारवाडा १७३२ साली बांधून झाला. त्याच्या दिल्ली दरवाजावरील अणकुचीदार खिळे हत्तीची धडक टाळण्यासाठी आहेत आणि रोजच्या ये-जा करण्यासाठी मोठ्या दारात छोटी दिंडी ठेवलेली आहे. सामान्य घराच्या दाराने हाच शिरस्ता उचलला. त्यामागे आणखी एक साधे कारण होते : बाहेर उघडणारे दार रस्त्यावरच्या माणसाला लागते.

परंतु धोका आत असेल तर? १६ जून १८८३ रोजी इंग्लंडमधील संडरलँड गावी व्हिक्टोरिया हॉलमध्ये मुलांसाठी जादूचे प्रयोग होते. शेवटी भेटवस्तू वाटणार हे कळताच गॅलरीतली मुले जिन्यावरून खाली धावली. जिन्याच्या तळाशी असलेले दार मुलांच्या दिशेने, म्हणजे आत उघडणारे होते. शिवाय एका वेळी एकच मूल जाईल एवढी फट ठेवून ते कडीने अडकवलेले होते. पुढची मुले दारापाशी अडकली, मागच्यांना ते दिसत नव्हते. त्या चेंगराचेंगरीत १८३ मुले गुदमरून दगावली.

असे दार ओढून का उघडता येत नाही, याचा हिशोब करून पाहू या. वीस मुले दारावर रेटत आहेत आणि प्रत्येकाचा रेटा फक्त ५ किलोग्रॅम-बल आहे असे समजू. एकूण रेटा १०० किलोग्रॅम-बल झाला. तो सरासरीने दाराच्या मध्यावर पडतो, तर मूठ बिजागरीपासून दुप्पट अंतरावर असते. तरफेच्या नियमाने मुठीपाशी ५० किलोग्रॅम-बल लावून दार ओढावे लागेल, तेही मागे सरकायला जागा नसताना. दार बाहेर उघडणारे असते, तर याच रेट्याने ते आपोआप उघडले असते.

या दुर्घटनेनंतर सार्वजनिक इमारतींची दारे बाहेर उघडावीत हा आग्रह वाढला. आतून नुसते ढकलताच सुटणारी कडीही तयार झाली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमातील ३८ व्या कलमात, सरकते दार सोडल्यास बाहेर जाण्याचे प्रत्येक दार बाहेरच उघडले पाहिजे आणि आत माणसे असताना ते कुलूपबंद नसावे, अशी तरतूद होती. १९८७ च्या दुरुस्तीत हे कलम नव्याने लिहिले गेले. सुटकेचे सुरक्षित मार्ग ठेवण्याचे बंधन त्यात कायम राहिले आणि तपशील ठरवण्याचा अधिकार राज्यांच्या नियमांना मिळाला.

आता न्हाणीघराकडे येऊ. पुष्कळ जुन्या घरांत मोरी म्हणजे आडोशाची अर्धी भिंत असे. कडी लावता येईल असे दार तिला आले, ते न्हाणीघर स्वतंत्र खोली झाल्यावर. ते आत उघडायचे ठरले, याला कारणे आहेत. दारावरचे पाणी आतच निथळते आणि अरुंद बोळात दार कोणाला लागत नाही. मात्र येथे धोका आत आहे. ओल्या फरशीवर पाय घसरतो, वृद्धांना भोवळ येते. वारा खेळत नसलेल्या न्हाणीघरात गॅस गिझर असेल तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. रक्तातील हिमोग्लोबिन या वायूशी ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बांधले जाते. त्याला रंग नाही, वास नाही, त्यामुळे माणूस सावध होण्यापूर्वीच कोसळतो.

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार न्हाणीघर किमान १.८ चौरस मीटरचे आणि १.२ मीटर रुंद असावे. ७५ सेंटिमीटरचे दार आत उघडताना पाव वर्तुळ, म्हणजे सुमारे ०.४४ चौरस मीटर जागा व्यापते. ही जवळजवळ पाव खोली झाली. माणूस नेमका तेथे पडला, तर दार त्याच्या अंगाला अडते. अडचण केवळ वजनाची नाही. पलीकडे लगेच भिंत असल्याने शरीराला सरकायला जागाच उरत नाही. जोर लावावा तर पडलेल्यालाच इजा होते. अमेरिकेत अनेक राज्यांनी स्वीकारलेल्या घरबांधणी संहितेत शॉवरच्या कप्प्याचे बिजागरीचे दार बाहेरच उघडावे असे म्हटले आहे, ते याच विचाराने.

मग आपण काय करावे? बोळात जागा असेल तर दार बाहेर उघडणारे करावे. उंबरा थोडा उंच ठेवला की पाणी बाहेर येत नाही. जागा नसेल तर सरकते किंवा घडीचे दार बसवावे. जुने दार बदलणे शक्य नसेल, तर निदान कडी तरी बाहेरून नाण्याने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने फिरवता येईल अशी घ्यावी. गिझर न्हाणीघराच्या बाहेर बसवावा. दाराखाली फट असली तरी ती झरोक्याची जागा घेत नाही.

विद्यार्थ्यांना एक उपक्रम देता येईल. शाळेतील व घरातील प्रत्येक दाराची रुंदी, उघडण्याची दिशा आणि कडीची बाजू यांचा तक्ता करावा. शेवटच्या रकान्यात ‘धोका कोणत्या बाजूला?’ हे लिहावे. ज्या दाराची दिशा या रकान्याशी जुळत नाही, त्याची नोंद मुख्याध्यापकांना आणि घरी पालकांना दाखवावी. सुरुवात आपल्याच वर्गाच्या दारापासून करावी.