डेमोक्रॅटिक पक्षातील फूट (१८६०)

डेमोक्रॅटिक पक्षातील १८६० ची फूट ही अमेरिकन यादवी युद्धापूर्वीची एक निर्णायक राजकीय घटना होय. गुलामगिरीच्या प्रश्नावर या पक्षाचे उत्तर व दक्षिण असे दोन गट पडले आणि दोघांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी स्वतंत्र उमेदवार उभे केले.

पार्श्वभूमी

नव्या प्रदेशांत गुलामगिरी असावी की नसावी हे तेथील रहिवाशांनी ठरवावे, असे इलिनॉयचे सिनेटर स्टीवन डग्लस यांचे मत होते. १८५४ चा कॅन्सस-नेब्रास्का कायदा याच तत्त्वावर आधारलेला होता. मात्र १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, काँग्रेसला प्रदेशांत गुलामगिरीवर बंदी घालता येत नाही, असा निर्णय दिला. त्यानंतर प्रदेशांतील गुलामगिरीला केंद्रीय कायद्याचे संरक्षण मिळावे, अशी मागणी दक्षिणेतील नेते करू लागले.

अधिवेशने

पक्षाचे राष्ट्रीय अधिवेशन २३ एप्रिल १८६० रोजी साउथ कॅरोलायनातील चार्ल्सटन येथे सुरू झाले. संरक्षणाची मागणी जाहीरनाम्यात समाविष्ट न झाल्यामुळे अलाबामाच्या पुढाकाराने दक्षिणेतील अनेक प्रतिनिधींनी सभात्याग केला. उमेदवारीसाठी दोन-तृतीयांश मते आवश्यक होती व ती अधिवेशनाच्या मूळ ३०३ मतांवरून मोजण्यात आली. परिणामी मतदानाच्या ५७ फेऱ्या होऊनही डग्लस यांची निवड होऊ शकली नाही.

जूनमध्ये बाल्टिमोर येथे अधिवेशन पुन्हा भरले, तेव्हा कोणत्या प्रतिनिधींना प्रवेश द्यावा यावरून दुसरा सभात्याग झाला. उरलेल्यांनी डग्लस यांना, तर बाहेर पडलेल्यांनी तत्कालीन उपराष्ट्राध्यक्ष जॉन ब्रेकिनरिज यांना उमेदवारी दिली.

निवडणूक व परिणाम

| उमेदवार | पक्ष | निर्वाचक मते |
|---|---|---|
| अब्राहम लिंकन | रिपब्लिकन | १८० |
| जॉन ब्रेकिनरिज | दक्षिणी डेमोक्रॅटिक | ७२ |
| जॉन बेल | कॉन्स्टिट्यूशनल युनियन | ३९ |
| स्टीवन डग्लस | उत्तरी डेमोक्रॅटिक | १२ |

लोकमतांत दुसऱ्या क्रमांकावर असूनही डग्लस यांना निर्वाचक मते सर्वांत कमी मिळाली. लिंकन यांच्या विजयाचे श्रेय अनेकदा केवळ या फुटीला दिले जाते. तथापि कॅलिफोर्निया, ओरेगन व न्यू जर्सी वगळता लिंकन यांना निर्वाचक मते देणाऱ्या प्रत्येक राज्यात त्यांना निम्म्याहून अधिक लोकमते मिळाली होती. त्यामुळे तिन्ही विरोधकांची मते एकत्र धरली, तरी लिंकन यांच्याकडे १६९ निर्वाचक मते उरतात. बहुमतासाठी १५२ पुरेशी होती. मात्र उत्तर व दक्षिणेला जोडणारा मोठा राष्ट्रीय पक्ष या फुटीमुळे उरला नाही.

साउथ कॅरोलायना २० डिसेंबर १८६० रोजी संघराज्यातून बाहेर पडले. १२ एप्रिल १८६१ रोजी फोर्ट सम्टरवरील हल्ल्याने युद्धाला तोंड फुटले.