भित्तिपत्रकावरील सही : फ्रेंच चित्रपटांची भित्तिपत्रके आणि कर्तृत्वाचा प्रश्न

चित्रपट तौलनिक साहित्याभ्यासाच्या कक्षेत आला तो प्रामुख्याने माध्यमांतराच्या वाटेने. मूळ कादंबरी आणि तीवरील चित्रपट ह्या दोन संहितांमधील नात्याची आपण तपशीलवार चर्चा करतो. परंतु प्रेक्षक चित्रपटगृहात शिरण्यापूर्वी जी तिसरी संहिता रस्त्यावर वाचतो, त्या भित्तिपत्रकाकडे आपले लक्ष सहसा जात नाही. मुखपृष्ठ, शीर्षक, प्रस्तावना ह्या ग्रंथाच्या उंबरठ्यावरील घटकांचा विचार जेरार जनेत यांनी १९८७ साली 'परिसंहिता' ह्या संकल्पनेच्या आधारे सविस्तर मांडला. फ्रेंच चित्रपटांची हाताने रंगवलेली भित्तिपत्रके ही अशीच परिसंहिता होय. तिचा कर्ता कोण, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे.

ह्या कलेची पूर्वपीठिका चित्रपटाहून जुनी आहे. २९ जुलै १८८१ च्या वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या कायद्याने भिंतीवर पत्रके चिकटवण्याचा व्यवसायही मोकळा झाला. पांढरा कागद मात्र शासकीय सूचनांसाठी राखीव राहिला. त्याच सुमारास ज्यूल शेरे यांनी रंगीत शिळाछाप तंत्र विकसित करून पॅरिसच्या भिंतींना चित्रशाळेचे रूप दिले होते. १८९२ साली एमील रेनो यांच्या हलत्या चित्रांचे खेळ ग्रेव्हँ संग्रहालयात सुरू झाले, तेव्हा त्यांचे भित्तिपत्रक शेरे यांनीच रंगवले. म्हणजे ल्युमिएर बंधूंच्या २८ डिसेंबर १८९५ च्या खेळापूर्वीच पडद्यावरील प्रकाशाला भिंतीवरील रंगांची सोबत मिळाली होती.

ल्युमिएरांची दोन आरंभीची भित्तिपत्रके शेजारी ठेवून पाहावीत. आंरी ब्रिस्पो यांच्या चित्रात खेळाला लोटलेली गर्दी आहे. पडदा दिसत नाही. मार्सेलँ ओझोल यांच्या १८९६ च्या चित्रात प्रेक्षकांबरोबर पडदाही आहे आणि त्यावर बागेला पाणी घालणाऱ्या माळ्याच्या फजितीचा प्रसंग चालू आहे. पहिले चित्र एका नवलाची बातमी देते, दुसरे एका कथेचे आश्वासन देते. येथून पुढे भित्तिपत्रक हे कथेचे पहिले भाष्यकार ठरले.

हे भाष्य निरपेक्ष नसते. सूव्हेस्त्र आणि आलँ यांची 'फाँतोमास' ही कादंबरीमाला १९११ साली सुरू झाली. तिच्या मुखपृष्ठावर पॅरिसच्या छपरांवर उभा ठाकलेला मुखवटाधारी पुरुष होता व त्याच्या हाती खंजीर होता. १९१३ साली लुई फय्याद यांचा चित्रपट आला तेव्हा गोमाँ कंपनीच्या भित्तिपत्रकावर तीच आकृती आली; हातातील खंजीर मात्र नाहीसा झाला. वाचकाने विकत घेऊन घरी नेलेल्या पुस्तकाला जे चालते, ते सर्वांच्या नजरेसमोरील भिंतीला चालतेच असे नाही. माध्यमांतराच्या अभ्यासकाला कादंबरी आणि चित्रपट यांच्यामधली ही पायरी ओलांडून जाता येणार नाही.

ह्या चित्रकारांत परदेशातून आलेल्यांचे स्थान लक्षणीय आहे. पाथे कंपनीची आरंभीची अनेक भित्तिपत्रके करणारे कांदिदो द फारिया जन्माने ब्राझीलचे. १९२७ साली 'मेट्रोपोलिस' ह्या जर्मन चित्रपटाचे गगनचुंबी नगर फ्रेंच प्रेक्षकांसाठी रंगवणारे बोरिस बिलिन्स्की रशियन साम्राज्यातून आलेले. बोरिस ग्रिन्सों हेही रशियात जन्मलेले. १९३३ साली जर्मनीत नाझी सत्तेवर आल्यानंतर ते फ्रान्समध्ये आले. ज्यांची मातृभाषा फ्रेंच नव्हती, अशांनी फ्रेंच भिंतीला तिची चित्रभाषा देण्यात मोठा वाटा उचलला. राष्ट्रीय चित्रपट ही संज्ञा वापरताना हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

त्यांची कार्यपद्धतीही कर्तृत्वाचा प्रश्न गुंतागुंतीचा करते. छायाचित्रांवरून मूळ नमुना रंगवायचा, तो १२० गुणिले १६० सेंटिमीटर ह्या प्रचलित आकारात छापला जायचा आणि पुढच्या चित्रपटाचे पत्रक त्यावर चिकटवले जायचे. १९५४ साली फ्राँस्वा त्रुफो यांनी आपल्या गाजलेल्या लेखात, चित्रपट केवळ पटकथाकाराचा मानणाऱ्या परंपरेवर हल्ला चढवून दिग्दर्शकाच्या कर्तृत्वाची बाजू मांडली. त्यांच्याच १९५९ च्या 'ले कात्र सां कू'चे भित्तिपत्रक ग्रिन्सों यांनी रंगवले. 'आ बू द सूफ्ल' (१९६०) साठी क्लेमाँ ह्युरेल, 'ज्यूल ए जिम' (१९६२) साठी क्रिस्तियाँ ब्रुतँ यांनी हे काम केले. दिग्दर्शकाला 'कर्ता' ठरवणाऱ्या ह्या चळवळीची जगाच्या स्मरणातील प्रतिमा घडवण्यात दुसऱ्यांच्या हातांचा वाटा आहे. पण ते हात तिच्या सिद्धान्तात कोठेच नाहीत.

अपवाद आहेत. 'मों ओंक्ल' (१९५८) चे भित्तिपत्रक करणारे पिएर एतेक्स हे ताती यांचे साहाय्यक होते. रेमों साविन्याक यांच्या विनोदी, मोजक्या रेषेला रोबेर ब्रेसों यांनी 'लाँस्लो द्यु लाक' (१९७४) पासून आपल्या अखेरच्या चित्रपटांसाठी आवर्जून स्थान दिले. दरम्यान रने फेराची यांनी छायाचित्रे कापून जोडण्याची रीत रूढ केली आणि कुंचल्याचे युग ओसरत गेले.

आज ही पत्रके ग्रंथालयांत व संग्राहकांकडे जपली जातात. सूचीत मात्र ती बहुधा दिग्दर्शकाच्या नावाखाली शोधावी लागतात. अनुवादकाचे नाव मुखपृष्ठावर असावे, असा आग्रह तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांनी धरला तो अनुवाद ही निर्मिती आहे म्हणून. कथेचा चित्रात अनुवाद करणाऱ्याने कोपऱ्यात केलेली बारीक सही वाचणे हे त्याच आग्रहाचे पुढचे पाऊल ठरेल.